ठोके मोजून भाकरी

“तिला पोटभर का वाढलं नाही?” अक्कांनी विचारलं.

“तिला कामापुरतं वाढलं,” प्रद्योत म्हणाला.

“आणि पोटापुरतं?”

“पोट अंदाज बांधतं, अक्का. मी मोजतो.”

अक्कांनी मान वर केली.

त्या नुकत्याच परतल्या होत्या. टेम्पोतून ज्वारीची पोती अजून उतरत होती. पलीकडच्या पडवीत सोजर कपाळाला फडकं बांधून पडली होती. सकाळी बंधाऱ्यावर दगड वाहताना तिला घेरी आली. डोक्यावरच्या दगडासकट ती खाली आली आणि कपाळ फुटलं.

जत तालुक्यातल्या उघड्या माळावरचा हा आश्रम. ओढ्यावर दगडी बंधारा बांधायचं काम चाललं होतं. कामाला येईल त्याने दोन्ही वेळ इथेच जेवायचं, एवढाच इथला नियम. त्या वर्षी धान्य कमी पडलं. अक्का गावोगाव फिरून दाणे गोळा करायला निघाल्या आणि जाताना स्वयंपाकघर प्रद्योतवर सोपवून गेल्या.

“आहे त्यात सगळ्यांचं भागव,” इतकंच म्हणाल्या होत्या.

प्रद्योत सबनीस प्राध्यापक होता. अंगमेहनत करताना माणसाच्या शरीरात काय काय घडतं, हा त्याचा विषय. परदेशात शिकलेला, पुण्यात नाव झालेलं. ते सगळं सोडून तो अक्कांकडे आला आणि शिष्य करून घ्या म्हणाला.

अक्कांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. हातात झाडू दिला.

त्याने अंगण उत्तम झाडलं. आणि आपण उत्तम झाडतो, हे त्याला माहीत होतं.

“मला समजावून सांग,” अक्का आता म्हणाल्या. “कसं मोजतोस?”

याच प्रश्नाची तो वाट पाहत होता. तो सरसावून बसला.

“छातीला पट्टा बांधला की हृदयाचे ठोके मोबाइलवर कळतात. काम जितकं जड, तितका शरीराला प्राणवायू जास्त लागतो. तो पोचवायला हृदय जोरात चालतं. ठोक्यांवरून प्राणवायू काढायचा, प्राणवायूवरून कॅलरी. आणि कॅलरीवरून भाकरी.”

“म्हणजे ठोके मोजून भाकरी.”

“हो. इथे वशिला नाही, आरडाओरडा नाही. ज्याने जेवढं अंग मोडलं त्याला तेवढं. तुम्ही गेलात तेव्हा धान्य पुरणार नाही असं सगळे म्हणत होते. पुरलं, अक्का.”

ते खरं होतं. कोठीत अजून ज्वारी शिल्लक होती.

“तालुक्याहून लोक बघायला येतात,” तो म्हणाला. “परवा आलेले पाहुणे म्हणाले, आम्ही असं कुठेच पाहिलं नाही.”

“बरं वाटलं?”

“वाटलं. लपवत नाही. मला अभिमान आहे या कामाचा.”

“असावा,” अक्का म्हणाल्या.

हे उत्तर त्याला अपेक्षित नव्हतं.

“सगळ्यात जास्त भाकरी कुणाला मिळाल्या?” अक्कांनी विचारलं.

“बाळकूला.”

“आणि सगळ्यात कमी?”

प्रद्योतची नजर पडवीकडे गेली.

“सोजरबाईंना.”

अक्कांनी बाळकूला हाक मारली. बाळकू स्वयंपाकघरातला. मोठ्या चुलीपुढे पाटावर बसून लाकडं सारायची, जाळ राखायचा, हे त्याचं काम. तो हात पुसत आला.

“अंग धरलंस रे,” अक्का म्हणाल्या.

“व्हय जी.” बाळकू खुशीत होता. “सर म्हनत्यात, समद्यात कष्टाचं काम माझंच हाय. मला तरी कुठं ठावं होतं आधी.”

“जा. जाळ बघ.”

तो छाती पुढे काढून गेला.

अक्का त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “ऊन डोक्यावर घेऊन दगड वाहते तिच्यापेक्षा पाटावर बसलेला हा जास्त राबतो?”

“ठोके तसं सांगतात.”

“तू काय सांगतोस?”

…

“जाळापुढे बसलं की ठोके वाढतात,” प्रद्योत सावकाश म्हणाला. “अंग तापतं. ते निववायला रक्त कातडीकडे धावतं. हृदय पळतं… पण काम तेवढं होत नसतं.”

“हे तुला आज कळलं?”

“नाही.”

“मग?”

“हे मी वर्गात शिकवत होतो.”

अक्कांनी बादली ओढली आणि पायांवरची धूळ धुवायला घेतली. एक पाय धुऊन झाला तेव्हा त्यांनी विचारलं, “आणि सोजरचं काय?”

“त्यांचं मला कोडंच आहे. दिवसभर दगड वाहिले तरी ठोके चढतच नाहीत. मला वाटलं…”

“काय वाटलं?”

“अंग राखून काम करतात.”

“तिला विचारलंस?”

“ठोके समोर दिसत असताना विचारायचं काय?”

अक्कांनी दुसरा पाय धुतला. पदराच्या टोकाने पुसला.

“ती रोज सकाळी एक गोळी घेते,” त्या म्हणाल्या. “रक्तदाबाची. आरोग्य केंद्रातून मीच आणून देते.”

“कुठली?”

अक्कांनी नाव सांगितलं.

प्रद्योतचा चेहरा उतरला. टेम्पोतून पोतं जमिनीवर आदळल्याचा आवाज आला. त्याने तिकडे पाहिलंही नाही.

“ती गोळी ठोके चढूच देत नाही,” तो म्हणाला. “माणूस डोंगर चढून गेला तरी…”

पुढचं त्याने म्हटलं नाही.

“हेही वर्गात?”

“हेही.”

…

थोड्या वेळाने त्याने स्वतःला सावरलं. त्याचा आवाज पुन्हा नीट लागला.

“पण अक्का, पद्धत चुकीची नाही. एकाला जास्त येतं, एकाला कमी येतं. सगळ्यांची बेरीज घेतली तर आकडा खऱ्याच्या जवळच असतो. हे मी सिद्ध करून दाखवीन.”

“जेवायला बेरीज बसते का?”

त्याने नकारार्थी मान हलवली.

“एकेका माणसाचं नेमकं मोजता येतच नाही म्हणतोस?” अक्कांनी विचारलं.

“येतं बऱ्यापैकी. त्यासाठी प्रत्येकाच्या तोंडाला नळी लावून काम करताना श्वास मोजावा लागतो. मग त्या माणसाचे ठोके त्याच्या श्वासाशी जुळवून घ्यायचे. कुणाला काय दुखणं आहे, कोण कुठली गोळी घेतं, कोण जाळाशी बसतं, ते आधी विचारायचं.”

“का नाही केलंस?”

“वेळ लागला असता.”

अक्कांनी बादली बाजूला सारली.

“आणि…” प्रद्योत म्हणाला, “आकडे फार सुबक येत होते, अक्का. विचारलं असतं तर ते बिघडले असते.”

एवढं बोलून तो उठला. आता त्याला काहीतरी करायला हवं होतं.

“आजपासून पट्टे बंद. मी आत सांगतो, सोजरबाईंना लागेल तेवढं वाढा. पडवीत ताट पाठवतो. निरोपही देतो की काळजी करू नका, सगळं नीट होईल.”

“तिने भाकरी मागितली होती तुझ्याकडे?”

“एकदा.”

“कुठे?”

“पंगतीत. वाढणाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलमध्ये पाहिलं आणि नको म्हणालो.”

“इतकंच?”

प्रद्योतने खाली पाहिलं.

“म्हणालो, आधी कामाला हात लावा, मग मागा.”

“मग?”

“त्या उठल्या. ताट धुऊन ठेवलं. पुन्हा कधी मागितली नाही.”

“पंगतीत म्हणालास ना?”

“हो.”

“मग पडवीत निरोप कशाला धाडतोस?”

…

तो पुन्हा खाली बसला. जमिनीवर बोट फिरवू लागला. परदेशात त्याने मोठमोठ्या सभागृहांत व्याख्यानं दिली होती. नामांकित लोकांनी खोचक प्रश्न विचारले होते आणि त्याने हसत हसत उत्तरं दिली होती. आता पंगतीसमोर उभं राहून काय बोलायचं, त्याचं पहिलं वाक्यही त्याला सुचेना.

“तो पट्टा तू कधी बांधलास?” अक्कांनी विचारलं.

“मी? मी कुठे दगड वाहतो?”

“बांध आज.”

त्याने कारण विचारलं नाही. सदऱ्याखाली पट्टा बांधला आणि मोबाइल अक्कांच्या हातात दिला. वरचा आकडा कशाचा, खालचा कशाचा, ते दाखवलं. दाखवताना क्षणभर तो पुन्हा प्राध्यापक झाला.

ऊन उतरल्यावर अंगणात पंगत बसली. सोजर आली. तिला कुणी आधार द्यायला गेलं तर तिने हात झटकला. रांगेच्या टोकाला, नेहमीच्या जागी ती बसली. अक्का तिच्यासमोरच्या खांबाला टेकून बसल्या. मोबाइल त्यांच्या मांडीवर होता.

ताटात भाकरी पडली, आमटी पडली. कुणी घास उचलण्याआधी प्रद्योत पुढे आला आणि सोजरसमोर उभा राहिला.

“सोजरबाई.”

तिने मान वर केली.

“सोजरबाई, माझं चुकलं.”

पंगत थांबली. बाळकू हातात चिमटा घेऊन दारात आला.

सोजरने त्याच्याकडे निवांत पाहिलं. “काय चुकलं?”

ती त्याची सुटका करणार नव्हती.

“तुम्ही काम कमी करता असं मी सगळ्यांसमोर म्हणालो. तसं नव्हतं. त्या मशीनला तुमचे ठोके…”

तो थांबला. अक्का त्याच्याकडे पाहतही नव्हत्या, तरी तो थांबला.

“मशीनचं नाही,” तो म्हणाला. “माझं. असं होऊ शकतं हे मला माहीत होतं. मी तुम्हाला विचारलं नाही. तुम्हाला उपाशी ठेवलं.”

“मला उपाशी ठेवनारं तुमी कोन?” सोजर म्हणाली. आवाज चढला नव्हता. “मी पुन्हा मागितली न्हाई म्हनून उपाशी ऱ्हायले. मागितली असती तर ह्या बायांनी आपल्या ताटातली दिली असती. माझ्या बापानं ह्या मुलखात विहिरी बांधल्या. मी परकरात होते तवापास्नं दगडाला हात लावलाय. सोजर अंग चोरते असं आजवर कुनी म्हनलं न्हाई. तुमी म्हनला.”

प्रद्योतच्या कपाळावरून घाम ओघळला. तो त्याने पुसला नाही.

“भाकरीचं काय घेऊन बसलाय,” सोजर म्हणाली. “त्ये बोलनं लागलं.”

एक कारण ओठांवर आलं, ते त्याने गिळलं. दुसरं आलं, तेही गिळलं.

“माझं चुकलं,” तो पुन्हा म्हणाला.

या वेळी पुढे काही जोडलं नाही.

…

सोजरने वळून वाढणाऱ्या बाईला भाकरीची खूण केली. बाईने कुणाकडेही न पाहता दोन वाढल्या. सोजरने त्या घेतल्या. मग आपलं ताट थोडं बाजूला सरकवलं आणि शेजारची जागा रिकामी केली.

“उद्या बंधाऱ्यावर या,” ती म्हणाली. “दगड कसा उचलत्यात ते दावते. तुमास्नी यायचं न्हाई, पर दावते.”

कुणीतरी हसलं. पंगत जेवू लागली.

प्रद्योत मात्र तिथेच उभा होता. त्याने अक्कांकडे पाहिलं. अक्का मोबाइलकडे पाहत होत्या.

तो जवळ गेला, वाकला. पडद्यावरचा आकडा त्यालाही दिसला. दगड वाहणाऱ्यांपैकी कुणाचाच इतका चढला नव्हता. जाळापुढच्या बाळकूचाही नाही.

“अक्का, हा खरा धरू नका,” तो घाईने म्हणाला. “मी काहीच केलं नाही. नुसता उभा होतो.”

अक्कांनी मोबाइल पालथा ठेवला. शेजारचं रिकामं ताट त्याच्याकडे सरकवलं.

“बस आता,” त्या म्हणाल्या. “दमला असशील.”