गढूळ पाण्याची बातमी

रानात माणसाची पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. साळिंदराने झऱ्यात विष कालवलं, अशी बातमी रानभर झाली आणि सगळ्यांनी त्याला हाकलून द्यायचं ठरवलं. बिचारा बीळ सोडून निघाला, तोच म्हातारी मुंगसीण आडवी आली.

"थांब बाबा. आधी ही बातमी कुणाच्या तोंडून निघाली ते पाहू."

ती त्याला घेऊन सशाकडे गेली. "तू डोळ्यांनी पाहिलंस का रे?"

"नाही, भेकराने सांगितलं."

भेकर म्हणालं, "मी विष म्हटलंच नव्हतं. याने पाणी गढूळ केलं, एवढंच खंड्याकडून ऐकलं होतं."

खंड्या झऱ्यावरच बसला होता. तो म्हणाला, "मी म्हणालो, झऱ्याचं तोंड बुजलंय आणि साळिंदर ते उकरतोय. पाणी घटकाभर गढूळ राहील, मग सगळे पोटभर प्या."

पाणी आता नितळ वाहत होतं. ससा आणि भेकर माना खाली घालून साळिंदराजवळ आले.

साळिंदर मुंगसिणीला म्हणाला, "आजी, माझ्याबद्दल सगळ्यांनी ऐकलं. तू एकटीने विचारलंस."

मग तो बाजूला सरला आणि त्याने तिला आधी पाणी पिऊ दिलं.