टिटवीचं कुंपण

फार फार पूर्वी, माणसांनी वाटा पाडायच्याही आधी, एका माळाच्या कडेला उंबराचं जुनं झाड होतं. त्या झाडाची एक रीत होती. रोज सकाळी पाखरांनी तिथं जमायचं आणि ज्याच्याकडे जी बातमी असेल ती सांगायची. कुणाला पिकलेलं फळ सापडलं, कुणाच्या पिल्लाला पंख फुटले. बातमी आवडली की सगळे मिळून "वाहवा!" करायचे. जे आले नसतील त्यांच्याकडे ती पोचवायचं काम साळुंकीचं. तिच्या पोटात काही राहायचं नाही, पण मनानं मात्र ती निर्मळ होती.

माळावर एक तरुण टिटवी राहायची. स्वभावानं भारी भित्री. पान पडलं तरी दचकायची, आणि दचकली की अख्खा माळ डोक्यावर घ्यायची. त्या वर्षी तिनं पहिल्यांदाच अंडी घातली. मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची चार अंडी. खडे थोडे बाजूला सारून केलेल्या खळग्यात ती अशी मिसळून गेली की खुद्द टिटवीलाच क्षणभर कळेना, खडा कुठला आणि अंडं कुठलं.

तिची म्हातारी आत्या अंडी बघून हरखली. मग हळूच म्हणाली, "पोरी, सुतारपक्ष्याच्या घराला खोड असतं, सुगरणीच्या घराला काटे असतात. आपल्या घराला ना भिंत, ना दार. ते कुणाला ठाऊक नाही, एवढंच आपलं कुंपण. म्हणून टिटवीनं ओरडायचं ते अंड्यांपासून लांब जाऊन."

"माहीत आहे गं, आत्या. मी काय आता लहान आहे?"

पण आनंद पोटात मावेना. दुसऱ्या सकाळी तिनं उंबरावर सांगूनच टाकलं, "मला चार अंडी झाली!"

अशी काही वाहवा झाली म्हणता! एरवी तिच्या ओरडण्याला कंटाळलेला पोपटसुद्धा म्हणाला, "घ्या, आपली घाबरट आई झाली!" सगळे हसले. टिटवीही हसली. त्या हसण्यात तिची भीती कुठल्या कुठे गेली.

मग ती रोज जाऊ लागली. एकदा म्हणाली, "माझ्या घरातून तळ्यावरचे बगळे दिसतात." एकदा म्हणाली, "ऊन कललं की एकट्या बाभळीच्या शेंड्याची सावली अगदी माझ्या पाठीवर येते. काय गार वाटतं!"

आत्यानं डोळे वटारले.

"जागा कुठे सांगितली मी?" टिटवी फणकारली. "गमतीच सांगते नुसत्या."

उंबराखाली बोरीची दाट जाळी होती. एके दिवशी जाळीतून गोड आवाज आला, "ताई, मीही टिटवीच. पलीकडच्या माळावरची. पंख दुखावलाय, म्हणून बाहेर येत नाही. तुमच्या गोष्टी ऐकल्या की जीव रमतो बघा."

"अगंबाई! फार दुखतंय का?"

"सोसते झालं. पण ताई, दिवसभर एकटीला भीती नाही वाटत?"

"वाटते की! दुपारी हे तळ्यावर किडे टिपायला जातात ना, तेव्हा तर छातीत नुसती धडधड होते."

"हो का?" आवाज म्हणाला. "दुपारी."

त्या दिवशी ऊन कललं. बाभळीची सावली टिटवीच्या पाठीवर आली, आणि समोरचं गवत हललं. गवतातून मुंगूस बाहेर आलं. त्यानं इकडेतिकडे शोधलं नाही. ते सरळ तिच्याकडे आलं आणि त्याच गोड आवाजात म्हणालं, "ताई, गार वाटतंय ना?"

टिटवीनं चोच उगारली, पंख आपटले. पण मुंगसानं एक अंडं पळवलंच आणि तिच्या देखत फोडून खाल्लं.

तिचा आक्रोश ऐकून आत्या धावत आली. एक पंख जमिनीवर घासत, लंगडत ती मुंगसासमोरून गेली. आयती शिकार बघून मुंगसाला मोह आवरला नाही. आत्या पुढे, मुंगूस मागे. लांब, पार तळ्याच्या टोकापर्यंत तिनं त्याला नेलं आणि तिथून भुर्रकन उडाली. चिडलेलं मुंगूस पुन्हा माळाकडे वळलं.

इकडे टिटवी अंड्यांवर बसून होती. तेवढ्यात तिचं लक्ष गेलं. सावली तिच्या पाठीवर नव्हती. ती सरकून पुढच्या खड्यांवर गेली होती.

अंडी सोडून उठणं! तिचे पाय उठेनात. पण ती उठली, त्या रिकाम्या खड्यांवर जाऊन पंख पसरून बसली आणि जिवाच्या आकांतानं ओरडू लागली. मुंगूस सावली बघत तिथंच आलं. ती उडाली. त्यानं एक गोल खडा उचलून कडाकडा चावला आणि कळवळलं. "हलवलीन वाटतं अंडी!" असं पुटपुटत ते निघून गेलं. उरलेली तीन अंडी चार हातांवर, खड्यांत खडा होऊन पडली होती.

आत्या आली, तेव्हा टिटवी रडत म्हणाली, "मी जागा सांगितली नव्हती गं."

"तू तुकडे सांगितलेस, बाळा. त्यानं ते जोडले." आत्यानं तिला पंखाखाली घेतलं.

दुसऱ्या सकाळी जाळीतून आवाज आला, "ताई, घर बदललंत का?"

"आधी बाहेर ये," टिटवी म्हणाली. "तोंड दाखव. काल याच आवाजाच्या मुंगसानं माझं अंडं खाल्लं."

जाळी गप्प झाली. पाखरांना काय ते कळलं. पोपटापासून साळुंकीपर्यंत सगळी अशी तुटून पडली की मुंगूस शेपूट फुलवून जे पळालं, ते पुन्हा त्या माळावर फिरकलं नाही.

पुढे पिल्लं झाली, उडायला शिकली, आणि मगच टिटवी त्यांना घेऊन उंबरावर आली.

साळुंकी रुसली. "एवढी मोठी झाली? आणि आम्हाला आज सांगतेस?"

"बातमी आज सांगण्याजोगी झाली," टिटवी म्हणाली. "आज यांना उडता येतं."

त्या दिवसाची वाहवा पलीकडच्या माळापर्यंत ऐकू गेली.

तात्पर्य : आनंद सगळ्यांना सांगावा, पण आपल्या घराची खूण, ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याच्या कानी पडू देऊ नये.