एकमताची जोडी

"सोमवारपासून प्रत्येक पाणबुड्याच्या पायात हीच जोडी! दुसरी दिसली तर भट्टीत जाईल!"

राजे उदाजीरावांनी धक्क्यावर उभं राहून हुकूम सोडला आणि हातातली लांबलचक काळी फिन, पोहताना पायात चढवायचं ते रबरी वल्हं, तलवारीसारखी उगारली. कांदळबंदरचं राज्य त्यांच्या आजोबांच्या काळातच गेलं होतं. हुकूम तेवढा घरात राहिला होता! आता राजवाड्याखालच्या समुद्रात पर्यटकांना हवेची टाकी बांधून बुड्या मारायला न्यायचा धंदा होता. राजे स्वतःही बुडी मारत, त्यामुळे समुद्रातलं सगळं आपल्यालाच कळतं अशी त्यांची खात्री.

"वा! काय निवड!" कारभारी भाऊसाहेब म्हणाले. भाऊसाहेबांनी आजवर घोट्याच्या वर समुद्र पाहिला नव्हता.

पाणबुडे खाली मान घालून उभे होते. कालच या कडक जोडीनं म्हाताऱ्या धाकूच्या पोटरीत असा गोळा आला होता की मार्तंड आणि इनास या दोघा पाणबुड्यांनी त्याला बखोटीला धरून होडीत ओढलं होतं. क्षणभर उशीर झाला असता तर धाकू आज दिसला नसता.

"फिनचा दोष नव्हे तो," राजे म्हणाले, "पायाचा दोष!"

धाकूची मुलगी शेवंती राजवाड्यात स्वयंपाकाला होती. ती चहाची किटली घेऊन आली होती. तिनं किटली धाडकन खाली ठेवली.

"मग पाय बदलून द्या, राजेसाहेब! तेही तुमच्याच पसंतीचे!"

"चेडवा, गप!" धाकू पुटपुटला.

राजे लाल झाले. "फार जीभ चालते? ठीक! यांना आपापली जोडी हवी ना? मग सगळ्यात चांगली जोडी कोणाची, ते यांनी रविवारी सकाळी एकमतानं सांगावं. एका शब्दात! एकही पाणबुड्या वेगळं बोलला तर माझी जोडी सगळ्यांच्या पायात, आणि तुझ्या बापाला घरी बसवीन!"

"आणि एकमत झालं तर?"

"तर ज्याला जी हवी ती घालू दे. मी तोंड उघडणार नाही!"

"हे मात्र कठीण!" शेवंती म्हणाली आणि किटली उचलून चालती झाली.

शनिवारी संध्याकाळी पाणबुडे धाकूच्या अंगणात जमले, एकमत करायला! मार्तंडच्या मांड्या माडाच्या खोडासारख्या. तो म्हणाला, "बाहेरच्या खडकापाशी पाण्याला ओढ असते. तिथं लांब आणि कडकच हवी."

"तुझी लांब फिन माझ्या बुडालेल्या जहाजात आण!" इनास उसळला. "एक लाथ मारशील आणि सगळा गाळ वर! पर्यटकांना काय चिखल दाखवू? आखूड, जाड, तीच खरी!"

"तुमच्या गुडघ्यांना अजून कुरकुरायचं ठाऊक नाही, म्हणून बोलताय," धाकू म्हणाला. "मधोमध चिरलेली मऊ फिन घाला. पाय हलवला न हलवला, माणूस पुढं जातो."

"म्हाताऱ्यांची फिन!"

"गाढवांची फिन!"

आवाज चढले. जो तो 'माझी, माझी' करू लागला. धाकूनं डोकं धरलं. "शेवंते, संपलं सगळं. यांचं जन्मात एकमत होणार नाही."

शेवंती दारात उभी राहून हसत होती. "करू नकाच एकमत! कशाला उगाच नवीन धंदा? उद्या फक्त असंच ओरडा. खोटं एक अक्षर बोलायचं नाही."

"वेड लागलंय पोरीला," मार्तंड म्हणाला.

रविवारी धक्क्यावर सारं बंदर लोटलं. राजे खुर्ची टाकून बसले. मागे भाऊसाहेब छत्री धरून.

"हं, कुठंय एकमत?"

"विचारा की, राजेसाहेब," शेवंती म्हणाली. "पण मोठ्यानं. आणि उत्तर सगळ्यांनी एकदमच द्यायचं. तुम्हीसुद्धा! तुम्हीही पाणबुडेच ना?"

"अर्थात!" राजांनी छाती पुढं काढली. "बोला! सगळ्यात चांगली जोडी कोणाची?"

"माझी!"

मार्तंड, इनास, धाकू, सारे एका दमात गरजले. आणि सगळ्यांत मोठा आवाज राजेसाहेबांचा!

"राजेसाहेबांची!" मागून भाऊसाहेब किंचाळले.

"बघा," शेवंती म्हणाली, "झालं की एकमत! एकच शब्द! वेगळा बोलला तो एकटाच, आणि त्याला पोहता येत नाही."

बंदर खदखदून हसलं. राजे ताडकन उठले. "ही लबाडी आहे! मी माझी म्हणालो ती माझी, आणि हा म्हणतो ती याची!"

"मग तुमचीच खरी कशी ते सांगा. फक्त 'मला' म्हणायचं नाही!"

"त्यात काय! लांब पातं, एका लाथेत वेग! मला तर..." राजांनी जीभ चावली. "वेग येतो!"

"कोणाला?"

"ज्याच्या मांडीत जोर आहे, त्याला!"

"आणि ज्याच्या नाही, त्याला?"

राजांनी पाणबुड्यांकडे पाहिलं. समोर धाकू आपली दुखरी पोटरी चोळत उभा होता. मग राजांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं, आणि ते असे हसत सुटले की खुर्चीच कलंडली.

"हरलो, पोरी! घाला रे, ज्याला जी हवी ती! आणि तुला काय बक्षीस देऊ?"

"बुडी मारायला शिकवा. रांधून रांधून हेच मासे बघतेय, जिवंत कधी दिसणार?"

"शीक! भाऊसाहेब, हिला आपल्या दुकानातली सगळ्यात महाग जोडी आणा!"

"थांबा, राजेसाहेब! अजून पाय ओला नाही झाला, आणि जोडी ठरलीसुद्धा? पाण्यात उतरते, मग सांगते."

राजे पुन्हा हसले. "बरं, दुकानच खुलं तुला! घाल, काढ, बदल! आणि भाऊसाहेब, ही माझी लांब जोडी तुम्हाला फार आवडते ना? चढवा पायात, आजच उतरू!"

भाऊसाहेबांच्या हातून छत्री गळून पडली. "नको, राजेसाहेब! मला... मला नाही जमणार!"

इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांचं स्वतःचं मत तोंडाबाहेर पडायची ती पहिलीच वेळ.