कणगीत लपवलेली गोधडी

एक होता राजा. त्याचं नाव केरबा. पण तो काही जन्माचा राजा नव्हता बरं का. आधी तो दोर वळायचा. विहिरीच्या पोहऱ्याचे दोर, गुरांचे दोर, पाळण्याचे दोर. वळून वळून त्याच्या तळहातांना घट्टे पडले होते. घरात तो, त्याची म्हातारी आई, बायको सगुणा आणि लेक बकुळा. बकुळा पाच वर्षांची झाली आणि म्हातारी वारली.

मग एकदा काय झालं, त्या नगरीचा राजा मेला. त्याला मूलबाळ नव्हतं. मग प्रधानानं हत्तिणीच्या सोंडेत माळ दिली आणि तिला गावभर फिरवलं. ती भल्या भल्या सरदारांसमोरून तशीच पुढे गेली आणि केरबाच्या अंगणात येऊन थांबली. तिथे दोरासाठी गवत वाळत टाकलं होतं, ते खायला थांबली असेल मेली. ते काही का असेना, माळ पडली केरबाच्या गळ्यात. झाला राजा!

हसू नकोस निमू. तेव्हा असेच व्हायचे राजे.

मग सगळे राजवाड्यात राहायला गेले आणि थोड्याच दिवसांत सगुणा राणीला दिवस गेले. राजाला कोण आनंद! पण त्याला एक गोष्ट आठवली. बकुळा जन्मली तेव्हा तिला गुंडाळायला घरात नवा कपडा नव्हता. आईच्या फाटक्या लुगड्यातच तिला घेतली होती. ते केरबाच्या मनाला लागून राहिलं होतं. मग त्यानं काय केलं? हुकूम काढला. म्हणाला, "माझं हे बाळ राजवाड्यात जन्माला येतंय. त्याच्या नजरेला एक चिंधीसुद्धा पडता कामा नये. जुनं सगळं काढा घराबाहेर!"

मग आली बोहारीण. तीच ती, डोक्यावर टोपलं घेऊन येते आणि जुने कपडे घेऊन भांडी देते. राजवाड्यातली झाडून सारी जुनी लुगडी, धोतरं, चोळ्या तिनं नेल्या आणि भांडी देऊन गेली. मग नगरीतल्या लोकांनी बघितलं. राजाच्या घरात जुनं नाही, मग आपल्या का असावं? त्यांनीही आपापली गाठोडी आणून दिली. बोहारणीला सात गाढवं करावी लागली. गावात पातेली उदंड झाली आणि जुना कपडा औषधालाही उरला नाही.

एक सोडून.

बकुळेची एक गोधडी होती. आजीनं शिवलेली. ती गोधडी अंगावर ओढून, तिचा एक कोपरा नाकाला घासल्याशिवाय बकुळेला झोप यायची नाही. बोहारीण आली त्या दिवशी बकुळेनं काय केलं, गोधडी उचलली, कोठीघरात गेली आणि भाताच्या कणगीत खोल खुपसून टाकली. झोपायच्या वेळेला काढायची, उजाडायच्या आत परत ठेवायची. कुणाला कळलं नाही. असं तिला वाटलं, बरं का.

इकडे राजवाड्यात नुसती धांदल. धुरपाआत्या, म्हणजे राजाची बहीण, ती कमरेला पदर खोचून उभी. कुठे डिंकाचे लाडू वळताहेत, कुठे बाळंतशोपा भाजताहेत, कुठे घुटीचं वेखंड निवडताहेत. शिंपी झबली शिवतोय, सुतार पाळणा घडवतोय. राजाही मागे नाही. पाळण्याची दोरी दुसऱ्यानं वळलेली त्याला चालेना. दरबार आटोपला की मुकुट काढून ठेवायचा आणि रेशमी दोरी वळत बसायचा.

आणि बकुळा? बकुळा आत्याकडे गेली की आत्या म्हणायची, "सरक गं, पाक पक्का होईल." बाबांकडे गेली की बाबा म्हणायचे, "पीळ सुटेल बाळा, हात लावू नकोस." आईच्या मांडीवर बसायला गेली, तर आईला मांडीच उरली नव्हती. सगळं पोटच! मग बकुळा कोठीघरात जाऊन कणगीला टेकून बसायची. सगळं घर नव्या बाळाचं झालं होतं. गोधडी तेवढी तिची होती.

मग नऊ महिने भरले. एके दिवशी सकाळी राणीच्या पोटात कळा सुरू झाल्या. भागाक्का सुईण आली. हात धुतले, शेगडी पेटवली, राजानं आणलेलं रेशमी दुपटं अंथरलं. आणि आता येणार, आता येणार, तोच पोटातून आवाज आला. अगदी बारीक, पण स्पष्ट.

"खाली काय अंथरलंय?"

भागाक्कानं शंभर बाळंतपणं केली होती, पण असं कधी झालं नव्हतं. तरी ती खमकी. म्हणाली, "रेशमी दुपटं आहे राजसा. ये."

"कुणाच्या अंगाचं?"

"कुणाच्याच नाही. नवंकोरं आहे."

"मग मी नाही येत. तिथे माणसं राहतात की नाही, मला काय ठाऊक!"

झालं! कळा थांबल्या. राणी दमून आडवी झाली.

भागाक्का बाहेर आली ती राजावरच उखडली. "राजे, तान्ह्याला पहिल्यांदा घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या जुन्या लुगड्यात घ्यायचं असतं. ते मऊ असतं, ऊबदार असतं, त्याला माणसाचा वास असतो. एवढं साधं तुम्हाला ठाऊक नाही? कालपर्यंत दोर वळत होतात ना?"

राजा खाली मान घालून ऐकत राहिला. पण मनातून हटला नव्हता. त्यानं विणकर बोलावले, मऊ मलमल विणून घेतली आणि सात पाण्यांनी धुवून घेतली. दोन दिवसांनी पुन्हा कळा आल्या. पुन्हा बारीक आवाज आला.

"खाली काय अंथरलंय?"

"मलमल आहे. सात वेळा धुतलेली. सायीसारखी मऊ."

"कुणाच्या अंगाची?"

आता काय सांगणार? परटाच्या दगडाची म्हणून सांगणार?

"मग मी नाही येत," म्हणालं बाळ. कळा थांबल्या. राणीचं तोंड उतरलं. तिला उठून पाणी पिण्याचंही बळ उरलं नाही.

मग मात्र राजा घाबरला. त्यानं गावात दवंडी पिटली, कुणाकडे जुनं लुगडं असेल तर आणा. कुणाकडेच नव्हतं. जो तो पातेली दाखवायला लागला. मग राजानं बोहारणीच्या मागे घोडेस्वार धाडले. ते तिसऱ्या दिवशी हात हलवत परत आले. म्हणाले, "महाराज, बोहारणीनं सगळे कपडे कागद करणाऱ्यांना विकले. त्यांनी रांजणात भिजवून त्यांचा लगदा केला."

हे सगळं बकुळा दाराआडून ऐकत होती. तिला समजत नव्हतं असं नाही. जुना कपडा कुठे आहे ते साऱ्या नगरीत तिला एकटीला ठाऊक होतं. पण ती बोलली नाही. ती कोठीघरात गेली आणि कणगीत हात घालून गोधडीचा कोपरा घट्ट धरून बसली. वाईट मुलगी होती का ती? नाही गं शरू. सगळं त्याला, आणि आता हेही त्यालाच, म्हणून तिला रडू येत होतं.

त्याच दुपारी तिसऱ्यांदा कळा आल्या. राजानं अंगावरचा भरजरी शेला काढला आणि अंथरायला दिला. म्हणाला, "हा तरी माझ्या अंगावरचा आहे."

"खाली काय अंथरलंय?"

"शेला आहे. तुझ्या बाबांच्या अंगावरचा."

"किती दिवस होता अंगावर?"

राजा दाराबाहेरून म्हणाला, "आठ दिवस."

"आठ दिवसांच्या ओळखीवर कोण येतं?" बाळ म्हणालं आणि कळा पुन्हा थांबल्या.

आता राणीला डोळे उघडवेनात. भागाक्का हळूच राजाला म्हणाली, "राजे, आज बाळ आलं नाही तर मग माझ्या हातात काही नाही. दोघांचंही." राजा मटकन उंबऱ्यावर बसला आणि आपल्या घट्टे पडलेल्या हातांत तोंड झाकून रडायला लागला.

बकुळा आत गेली. आईच्या उशाशी बसली. आईचा हात गार पडला होता. आईनं डोळे किलकिले केले आणि बकुळेच्या केसांतून हात फिरवला. केसांत भाताचं तूस अडकलं होतं. ते आईनं काढलं. आणि बकुळेला एकदम कळलं की आईला ठाऊक आहे. तूस रोजच केसांत अडकायचं आणि आई ते रोज काढायची. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण तिनं राजाला सांगितलं नाही, भागाक्काला सांगितलं नाही, आणि इतकं होऊनही बकुळेकडे मागितलं नाही.

"आई, मला झोप नाही येणार तिच्याशिवाय," बकुळा म्हणाली.

"ठाऊक आहे गं मला," आई म्हणाली. "म्हणून तर नाही मागितली."

मग बकुळा उठली. कोठीघरात पळत गेली. कणगीत कमरेपर्यंत वाकली, गोधडी ओढून काढली आणि तशीच तूस सांडत परत आली. बाबा उंबऱ्यावरच होते. हुकूम मोडला म्हणून बाबा रागावणार, असं तिला वाटलं. पण ती थांबली नाही. त्यांच्या बाजूनं आत शिरली आणि शेला काढून तिथे गोधडी अंथरली.

बारीक आवाज आला. "खाली काय अंथरलंय?"

बकुळाच पुढे झाली. म्हणाली, "गोधडी आहे. माझी आहे."

"कुणाच्या अंगाची?"

"हा हिरवा तुकडा आजीच्या लुगड्याचा. ती नाहीये आता. हा पांढरा बाबांच्या धोतराचा, दोर वळताना फाटलेल्या. हा आईच्या चोळीचा, ती चोळी घालून ती लग्नात उभी होती. हा आत्याच्या परकराचा. आणि हा इथे डाग आहे ना, तो माझा. मी लहानपणी शू केली होती."

मग पोटातून आवाज आला.

"मग ताई, सरक जरा. आले मी."

आणि बाळ आलं! मुलगी. लालबुंद, मुठी आवळलेली, आणि आता मात्र इतर बाळांसारखी नुसती ट्यांहा ट्यांहा रडणारी. बोलायची ती नंतर दीड वर्षानं बोलली. भागाक्कानं तिला गोधडीत गुंडाळली, तशी ती चूप झाली.

मग राजा आत आला. लेकीला बघायला वाकला आणि त्याला तो हिरवा तुकडा दिसला. त्याच्या आईचं लुगडं. सणाला एकच होतं तिला. राजानं त्याला हात लावला आणि म्हणाला, "मी हिला घराबाहेर काढली होती गं बकुळे. तू ठेवून घेतलीस." आणि त्यानं बकुळेला उचलून पोटाशी धरलं, ती खाली उतरायला बघेपर्यंत सोडलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, बकुळेच्या झोपेचं काय झालं? सांगते. बाराव्या दिवशी बारसं झालं. बाळाला पाळण्यात घातलं, गोधडी पाळण्यात गेली. बकुळा आपल्या नव्या मऊ गादीवर जाऊन पडली. या कुशीवर वळली, त्या कुशीवर वळली. झोप काही येईना. मग ती उठली आणि पाळण्याखाली जमिनीवरच येऊन आडवी झाली. आई बघत होती. आई उठली. गोधडी तर चांगली मोठी, आणि बाळ एवढंसं! त्याला एक कोपरा पुरला. आईनं तो कोपरा बाळाभोवती गुंडाळला आणि बाकीची गोधडी पाळण्यातून खाली सोडली. ती बकुळेच्या अंगावर आली. तिनं दुसरा कोपरा ओढून नाकाला लावला आणि झोपली.

आणि गंमत बघा. बकुळा झोपेत कूस बदलायची, गोधडी ओढली जायची, की पाळणा आपला हलायचा. इकडे वळली की इकडे, तिकडे वळली की तिकडे. राजाची रेशमी दोरी खुंटीवर तशीच राहिली. आत्या चिडवायची, "केरबा, एवढी मेहनत फुकट गेली रे तुझी!" तर राजा हसायचा. तेव्हापासून त्या नगरीत रीतच पडली. घरात बाळ यायचं असलं की आधी जुन्या कपड्यांचं बोचकं सोडायचं, मग लाडू वळायला घ्यायचे. सगळी माणसं एका घरात सुखानं राहिली, आणि गोधडीला पुढे आणखी दोन तुकडे जोडावे लागले.

निमू झोपला वाटतं. आणि शरू, तू अजून डोळे टक्क उघडे ठेवून? दुपारी आईनं तुझी गोधडी धुवायला मागितली तर केवढं भोकाड पसरलंस! वाळत घातली होती, मी घडी करून आणलीय. ही घे. कुणी नेत नाही तुझी गोधडी. पुढच्या महिन्यात एक कोपरा तेवढा मागतील. तो द्यायचा की नाही, ते तुझं तू ठरव.

आता ही गोष्ट मी घडी घालून ठेवली. पाय आत घे, डोळे मीट. आणि सरक जरा, मलाही पाठ टेकू दे.