राजा गप्प बसला

फार पूर्वी, धुकं पांघरून निजलेल्या एका बेटावर एक राजा होता. गादी आजा-पणज्यांपासून त्याच्याच घराण्यात चालत आलेली. मध्यंतरी परक्यांनी बेट बळकावलं. ते एकदाचे निघून गेले, तेव्हा लोक राजाला म्हणाले, "आता राज्य आमचं. पण राष्ट्रप्रमुख तुम्हीच व्हा." राजाने मुकुट पेटीत ठेवला आणि होकार दिला.

बेटाची एक जुनी रीत होती. राजा बोलला की बोलणं संपलं, पुढे कुणी चकार शब्द काढायचा नाही. मुकुट गेला, पण ही रीत मोडायचं कुणाला सुचलंच नाही.

पहिल्याच सभेत धक्क्याचा विषय निघाला. होड्या लावायला नीट जागा नव्हती, दर वर्षी लाटांत माणसं जायची. राजा सहज म्हणाला, "काळ्या खडकापाशी बांधू या." झालं! सगळ्यांनी माना डोलावल्या. धक्का उभा राहिला आणि पहिल्याच उधाणात दोन नावाड्यांना घेऊन वाहून गेला.

राजा किनाऱ्यावर सुन्न उभा होता. होडी चालवणारी एक म्हातारी जवळ आली. "तिथे पाण्याला खालून ओढ आहे, महाराज. मला ठाऊक होतं."

"मग सभेत बोलली का नाहीस, आजी?"

"तुम्ही आधीच बोलला होतात ना!"

राजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या सभेत तो म्हणाला, "आज मी बोलणार नाही. आजी, तू सांग."

म्हातारी चाचरत म्हणाली, "शांत पाणी एकाच जागी आहे. महालामागे, तुमच्या घाटावर."

सगळ्यांनी राजाकडे पाहिलं. त्या घाटावर राजाला आईने पोहायला शिकवलं होतं. रोज पहाटे तो तिथे बसून पाण्यात विरघळणारं चांदणं बघायचा. नुसतं 'नको' म्हटलं असतं, तरी विषय मिटला असता. तो शब्द ओठांवर आलाही. राजाने ओठ घट्ट मिटून घेतले.

मग एक हात वर झाला, दुसरा झाला, हळूहळू सगळ्या सभेचे झाले. राजाचे डोळे भरून आले.

घाटावर धक्का झाला. एके सकाळी राजा सवयीने तिथल्या पायरीवर बसून धुकं बघत होता. इतक्यात धुक्यातून होडी आली आणि म्हातारी ओरडली, "अहो महाराज, बाजूला व्हा! दोर टाकायचाय!"

राजा धडपडत उठला. जन्मात त्याला असं कुणी म्हटलं नव्हतं. त्याला हसू फुटलं. बेट खरोखर स्वतंत्र झालं, हे त्याला त्या सकाळी कळलं.

तात्पर्य: ज्याच्या शब्दाला सगळे मान देतात, त्याने आधी गप्प बसून सगळ्यांचं ऐकावं.