तळ्याचा उलटा नवस

इवलीशी, गरीब कुसुंबी एकदा तळ्याला नवस बोलली होती, "आईचा ताप उतरू दे, मी ओंजळभर माती वाहीन." गावची रीतच होती तशी. ताप उतरला आणि कुसुंबीनं शेतातली माती मोठ्या भक्तीनं तळ्यात सोडली.

पण अशा कितीतरी वर्षांच्या ओंजळी, त्यात उघड्याबोडक्या डोंगरावरून वाहून येणारी माती! तळं उथळ झालं, माघातच आटू लागलं. आई दोन कोस चालून पाणी आणायची. "पुढच्या साली गाव सोडायचं," सगळे म्हणायचे. कुसुंबी रोज काठावर जाऊन पाणी किती उरलंय ते बघायची.

एके सकाळी कोवळ्या सोनेरी उन्हात काठच्या चिखलात काहीतरी लुकलुकलं. बोटभर परी! मोरपंखी पंख गाळानं लडबडलेले. कुसुंबीनं आपल्या तांब्यातलं पिण्याचं पाणी ओतून ते अलगद धुतले.

"तुझीच ओंजळ पडली होती गं माझ्या डोक्यावर!" परी खुदकन हसली.

कुसुंबी ओशाळली. "चुकलं माझं, परीताई."

"असू दे. माग, काय हवं ते. पण एकच हं!"

परकर-पोलकं मागावं? की लाडू? कुसुंबी म्हणाली, "आमचं तळं खोल होऊ दे."

"होईल. पण नेम पाळावे लागतील. बांधाखालची बुजलेली मोरी मी मोकळी करते. पावसाचा पहिला गढूळ लोंढा तिच्यातून जाऊ द्यायचा, मग स्वच्छ पाणी अडवायला तिचं दार लावायचं. डोंगरउतारावर गवत लावायचं. आणि दर उन्हाळ्यात गाळ काढून शेतात घालायचा. एक वर्ष चुकलात, की जादू विरली!"

कुसुंबीनं गावात हे सांगितलं, तर शेजारच्या ठकूमावशीनं कपाळावर हात मारला. "वाहायची सोडून माती काढायची? ऐकलंत का हिचं शहाणपण!"

कुसुंबीनं टोपली उचलली. लोण्यासारखा मऊ, काळाभोर गाळ आईच्या वाफ्यात घातला. भांडी धुतलेल्या पाण्यावरसुद्धा जांभळी, तुकतुकीत वांगी लगडली!

ठकूमावशीनं एक वांगं निरखलं. "अगंबाई! मलाही दे की दोन टोपल्या."

"तुम्हीच उतरा ना, मावशी!"

सगळे हसले, आणि मावशीपाठोपाठ सगळा गाव तळ्यात उतरला. उतारावर हिरवं गवत डोलू लागलं. पावसाळ्यात गढूळ लोंढा मोरीतून घुमत गेला, मग दार लागलं. पुढच्या चैत्रातही तळं निळंशार, काठोकाठ! आई काठावर निवांत बसून कुसुंबीची वेणी घालत होती.

तेवढ्यात पाण्यावर रुपेरी ठिणग्या नाचल्या. "आता खरा फिटला तुझा नवस," परी म्हणाली आणि झगमगत उजेडात मिसळून गेली.

बाळांनो, तुमच्याही गावी तळं असेल ना? मग एवढा वसा घ्या: वर्षाला एक टोपली गाळ काढायचा, उतारावर मूठभर गवत लावायचं. घ्याल ना?