रविवारच्या नोंदी

“पण मुंग्यांचं ऐकून मला काय मिळणार आहे, बाई?”

बाई वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“शनिवारची अख्खी सकाळ जाते,” मिहिर म्हणाला. “सात जणांचं ऐकत बसायचं. कुणाच्या मुंग्या, कुणाचं शेवाळ, कुणाची माती. तेवढ्या वेळात माझं कितीतरी लिहून होईल.”

“मग या शनिवारी नको येऊस.”

मिहिर भांडायची तयारी करून आला होता.

वाईच्या वर, डोंगराच्या सपाटीवर ही छोटीशी संशोधन संस्था. दर उन्हाळ्यात कॉलेजची आठ मुलं इथे सहा आठवडे राहायला येत आणि प्रत्येकजण एकेक प्रकल्प करी. हा सगळा व्याप डॉ. कुमुद हर्डीकर बघत. वय एकाहत्तर. सगळे त्यांना बाईच म्हणत, स्वयंपाकघरातला आचारीसुद्धा. शनिवारी सकाळी जेवणघरात जमायचं आणि आपलं काम बाकीच्यांना सांगायचं, एवढा एकच नियम त्यांनी घालून दिला होता.

मिहिर खांबेटे पुण्याचा. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला, विद्यापीठात पहिला. गुरुत्वाची सूक्ष्म ओढ मोजायला त्याने बारीक तारेला एक आडवा दांडा टांगला होता. दांड्यावर आरसा, आणि आरशावरून परतून भिंतीवर पडणारा प्रकाशाचा ठिपका. दांडा केसभर हलला तरी ठिपका बोटभर सरके. कॅमेरा रात्रंदिवस त्या ठिपक्याची नोंद ठेवी.

आणि तो ठिपका रोज सकाळी अकरा वीसला थरथरू लागे. बारापर्यंत थरथरे. मग शांत.

मिहिरने खिडक्या बंद केल्या, पंखा बंद केला, दाराला कुलूप लावलं. तरी अकरा वीस म्हणजे अकरा वीस.

त्याने खिशातून एक कागद काढून बाईंसमोर ठेवला. मथळा होता, ‘पृथ्वीच्या ओढीत दिवसाच्या ठरावीक वेळी होणारा सूक्ष्म फरक’.

“बंगळूरच्या परिषदेसाठी आहे. तुमची सही लागेल.”

बाईंनी कागद वाचला. परत पहिल्यापासून वाचला.

“सोमवारी करते.”

“सोमवार शेवटचा दिवस आहे, बाई.”

“म्हणूनच सोमवारी.” बाईंनी कागद वहीखाली सरकवला.

“उद्या शुक्रवार,” बाई म्हणाल्या. “जयमालाचा चष्मा मोडलाय, तिला खाली वाईला जायचंय. दिवसभर मुंग्यांपाशी तिच्या जागी कुणीतरी बसायला हवं. शनिवार तुला सोडला ना? त्याच्या बदल्यात हा शुक्रवार दे.”

सौदा वाईट नव्हता. मिहिर हो म्हणाला.

जयमाला कुरसंगे पांढरकवड्याहून आली होती. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. पाच आठवड्यांत मिहिर तिच्याशी मीठ-लोणच्यापलीकडे फारसा बोलला नव्हता.

शुक्रवारी सकाळी तिने त्याला जागा दाखवली. खालच्या विहिरीवरून टाकीकडे पाण्याचा लोखंडी नळ येत होता. नळावरून मुंग्यांची रांग चालली होती. नळावर खडूची एक रेघ.

“दर पाच मिनिटांनी एक मिनिट मोजायचं, भाऊ. रेघ किती जणी ओलांडतात ते. अन् दुसरं काही दिसलं तर तेही लिहायचं.”

“दुसरं म्हणजे?”

“काहीही. सावली आली, कुत्रं आलं, कुणी पाणी सांडलं.”

“त्याचा मुंग्यांशी काय संबंध?”

“ते मला कुठं माहीत आहे? म्हणून तर सगळंच लिहिते.”

तिने वही त्याच्या हातात दिली आणि मोडका चष्मा रुमालात गुंडाळून ती एसटी पकडायला निघून गेली.

मिहिर छत्री उघडून बसला. बेचाळीस. एकोणचाळीस. पंचेचाळीस. ऊन चढत होतं. मुंग्या येत होत्या, जात होत्या. एकमेकींशी तोंडाला तोंड लावून क्षणभर थबकत आणि पुढे होत. मोजता मोजता त्याला जांभई आली.

मग रांग मोडली.

मुंग्या नळ सोडून दोन्ही बाजूंनी भराभर खाली उतरल्या आणि दगडांच्या कपारीत शिरल्या. मिनिटभरात नळ रिकामा. रेघ ओलांडायला एकही उरली नाही.

त्याने घड्याळ पाहिलं. अकरा वीस.

त्याने नळावर तळवा ठेवला. नळ गुणगुणत होता…

हा नळ पुढे कुठे जातो ते त्याला माहीत होतं. प्रयोगशाळेच्या पायाला लागूनच वळण घेऊन तो टाकीवर चढत होता.

मग त्याने वहीची मागची पानं उलटली. जयमालाचं अक्षर मोठं, शाळकरी. ‘सोमवार. ११:२०. पंप सुरू. रांग मोडली. १२:००. पंप बंद. सहा मिनिटांनी पहिली मुंगी.’ मंगळवार तसाच. बुधवार तसाच. त्याने आणखी पानं उलटली. त्याला एकच वार बघायचा होता.

‘रविवार. १:०५. पंप उशिरा. पंपावरचे शिंदेकाका रविवारी बाजाराला जातात.’

पुढचा रविवार, १:१०. पुढचा, १:००.

मिहिरच्या आलेखात रविवार नव्हते. रविवारी ठिपका अकरा वीसला हलत नसे, दुपारी एकच्या सुमाराला हले. चारही रविवार असंच झालं होतं. त्या नोंदींवर त्याने लाल पेनाने काट मारली होती आणि समासात लिहिलं होतं, ‘उपकरणात बिघाड’.

उठून जावं असं त्याला वाटलं. पण अजून सहा तास बाकी होते आणि रेघेवर मोजायला दुसरं कुणी नव्हतं. बारा वाजून सहा मिनिटांनी पहिली मुंगी कपारीतून वर आली. त्याने लिहिलं, ‘एक’.

संध्याकाळी त्याने वही जयमालाला परत केली. तिचा नवा चष्मा तिला जरा मोठा होत होता. मिहिर तिथून थेट आपल्या खोडलेल्या नोंदी काढायला गेला.

शनिवारी तो जेवणघरात आला. कुणी काही विचारायच्या आत उभा राहिला. सगळं सांगायला त्याला चार मिनिटं लागली. रविवारच्या काट मारलेल्या नोंदीही त्याने दाखवल्या.

“माझ्याकडे पृथ्वी नाहीये,” शेवटी तो म्हणाला. “पंप आहे.”

कुणीतरी हसलं.

जयमालाने चष्मा नाकावर वर सरकवला. “पण भाऊ, पंप तर खाली विहिरीवर. तुमचं यंत्र अर्धा किलोमीटर दूर, दगडी भिंतींच्या आत. नळ नुसता बाहेरून पायाला लागून जातो. मुंग्यांचे पाय नळावरच असतात, त्यांना कळणारच. यंत्राला कसं कळलं?”

“माहीत नाही,” मिहिर म्हणाला. “बघावं लागेल.”

“मी पण येऊ बघायला?”

“ये.”

त्या सकाळी तो शेवटपर्यंत बसला. शेवाळाचं ऐकलं. मातीचं ऐकलं. मातीवाल्याला त्याने दोन प्रश्न विचारले आणि उत्तरं लिहून घेतली.

सगळे पांगल्यावर तो बाईंच्या मागोमाग मोरीपाशी गेला. बाई आपला चहाचा कप विसळत होत्या.

“सही नको आता,” तो म्हणाला.

“बरं.”

“बाई, माझी वही तुम्ही दर आठवड्याला बघत होता.”

“हो.”

“मी रविवार खोडलेले दिसले होते तुम्हाला?”

“दिसले होते.”

“आणि जयमालाची वही?”

“तीही बघत होते.”

आवाज चढू नये म्हणून मिहिरने खाली मोरीच्या फरशीकडे पाहिलं.

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत? पाच आठवडे गेले माझे.”

बाईंनी कप उपडा घालून ठेवला. पदराला हात पुसले…

“तेव्हा सांगितलं असतं,” त्या म्हणाल्या, “तर तुला नुसता पंप कळला असता. मुंग्यांचं ऐकून काय मिळतं, ते नाही.”